ऑप-अ‍ॅम्पचं आउटपुट: कागदावर शून्य, सिम्युलेशनमध्ये उणे दहा हजार

ऑप-अ‍ॅम्पबद्दल एक तक्रार दर सेमिस्टरला नव्याने येते, फक्त रूप बदलून. (ऑप-अ‍ॅम्प म्हणजे ऑपरेशनल अँप्लिफायर: दोन इनपुटमधला फरक प्रचंड पटीने वाढवून आउटपुटला देणारी चिप.) कधी "आउटपुट नोडला केसीएल (जोडबिंदूत, म्हणजे नोडमध्ये, शिरणारे आणि बाहेर पडणारे करंट समान, हा किरचॉफचा नियम) लावला की उत्तर शून्य येतं", कधी "सिम्युलेशनमध्ये झकास चालतंय, ब्रेडबोर्डवर आउटपुट १३ व्होल्टला चिकटलंय", तर कधी "इंटिग्रेटर (इनपुटची वेळेनुसार बेरीज करणारं सर्किट) सुरू होतानाच उणे दहा हजार व्होल्ट दाखवतोय, सॉफ्टवेअर बिघडलंय का?" वरवर तीन वेगळे आजार दिसतात, पण मूळ एकच आहे. आदर्श ऑप-अ‍ॅम्पच्या आउटपुटला स्वतःचं समीकरण नसतं. ते कोरा चेक असतं, त्यावरची रक्कम बाकीचं सर्किट भरतं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं हिशोबाचं काम उरतं.

उदाहरणासाठी शेवटपर्यंत शक्यतो एकच सर्किट धरू. साधा इन्व्हर्टिंग (चिन्ह उलटवणारा) अँप्लिफायर: इनपुट रेझिस्टर १० किलोओम, फीडबॅक (आउटपुटपासून परत इन्व्हर्टिंग, म्हणजे उणे, पायाला) १०० किलोओम, नॉन-इन्व्हर्टिंग (अधिक) पाय ग्राउंडला, आउटपुटपासून ग्राउंडला १ किलोओमचा लोड, सप्लाय ±१५ व्होल्ट, इनपुट ०.१ व्होल्ट डीसी. गेन (आउटपुट भागिले इनपुट) उणे १०, म्हणजे आउटपुट उणे १ व्होल्ट यायला हवं.

आउटपुट नोडला केसीएल लावला आणि शून्य आलं

वहीत बहुतेक वेळा असं लिहिलेलं सापडतं: इन्व्हर्टिंग नोड आभासी ग्राउंड (ग्राउंडला न जोडताही त्याच्याइतकंच व्होल्टेज, कारण दोन्ही इनपुट समान धरले आहेत), म्हणून ० व्होल्ट. आता आउटपुट नोडवर फीडबॅक रेझिस्टरचा करंट अधिक लोडचा करंट बरोबर शून्य. म्हणजे आउटपुट भागिले १०० किलोओम, अधिक आउटपुट भागिले १ किलोओम, बरोबर शून्य. हे खरं व्हायचं तर आउटपुट शून्यच हवं. मग विद्यार्थी गोंधळतो, कारण शेजारच्या ओळीत सूत्राने उणे १ आलेलं असतं.

केसीएल चुकलेला नाही, नोडवरची एक वाट मोजायची राहिली आहे. त्या नोडला तीन वाटा आहेत: फीडबॅक, लोड आणि ऑप-अ‍ॅम्पचा आउटपुट पाय. "ऑप-अ‍ॅम्पचा करंट शून्य" हे वाक्य फक्त दोन इनपुट पायांपुरतं आहे. पाठ करताना "इनपुट" हा शब्द गळतो आणि अख्खा त्रिकोणच (ऑप-अ‍ॅम्पचं चित्रातलं चिन्ह) करंट न घेणारा होऊन बसतो.

मग आउटपुट पायाचा करंट किती धरायचा? आधी धरता येतच नाही, तो अज्ञात आहे. म्हणून पहिल्या फेरीत आउटपुट नोडवर केसीएल लिहू नका. तिथे एक समीकरण लिहाल आणि एक नवं अज्ञात आणाल, पदरात काही पडणार नाही. इन्व्हर्टिंग नोडवर लिहा: ०.१ व्होल्ट भागिले १० किलोओम म्हणजे १० मायक्रोअँपिअर. इनपुट पाय काही घेत नाही, त्यामुळे तेवढाच करंट १०० किलोओममधून पुढे जातो, त्यावर १ व्होल्ट पडतो आणि आउटपुट उणे १ व्होल्ट. झालं. लोडचा यात उल्लेखही आला नाही, आणि यायला नकोच होता. १ किलोओमऐवजी ५ किलोओम लावा, आउटपुट तेच राहील.

आता परत आउटपुट नोडवर या. लोडमधून ग्राउंडकडून १ मिलिअँपिअर येतो, फीडबॅकमधून ०.०१ मिलिअँपिअर. दोन्ही नोडमध्ये शिरतात, म्हणजे १.०१ मिलिअँपिअर ऑप-अ‍ॅम्पच्या आउटपुट पायातून आत जातो. केसीएल इथे वापरायचा तो करंट शोधायला.

पुढचा प्रश्न ओरलला हमखास विचारला जातो: "इनपुटमधून शून्य, आउटपुटमधून १.०१ मिलिअँपिअर आत, मग हा करंट जातो कुठे?" त्रिकोणाच्या चित्रात सप्लायचे पाय काढलेले नसतात म्हणून हा पेच पडतो. खऱ्या चिपमध्ये तो उणे १५ व्होल्टच्या पायातून बाहेर पडतो. तिथे आउटपुट उणे १ आणि सप्लाय उणे १५, मध्ये १४ व्होल्टचा फरक, म्हणजे चिपमध्ये सुमारे १४ मिलिवॉटची उष्णता, आणि चिप स्वतःसाठी घेते ती वेगळी. सिम्युलेशनमध्ये आदर्श ऑप-अ‍ॅम्प म्हणून व्होल्टेज-नियंत्रित व्होल्टेज सोर्स ठेवला असेल तर तोच करंट सरळ ग्राउंडला जातो आणि त्या सोर्सची पॉवर पाहिली तर उणे १.०१ मिलिवॉट दिसते, म्हणजे तो पॉवर देतोय. हिशोब दोन्हीकडे जुळतो, पण चिप किती तापेल हे आदर्श मॉडेलला विचारण्यात अर्थ नाही. त्याला सप्लाय माहीतच नाही.

सिद्धांताच्या पुस्तकांत या जोडगोळीला नलर म्हणतात. इनपुटच्या बाजूला नलेटर, ज्याच्यावर व्होल्टेजही शून्य आणि करंटही शून्य, आणि आउटपुटच्या बाजूला नोरेटर, ज्याच्यावर दोन्ही काहीही असू शकतात. एकाने एक अट जादा घातली, दुसऱ्याने एक अट कमी केली, म्हणून समीकरणं आणि अज्ञातं यांची संख्या जुळते. नोडल पद्धतीच्या (प्रत्येक नोडला केसीएल लावून समीकरणं सोडवायची पद्धत) १९७५ साली मांडलेल्या सुधारित रूपात सोर्सचा करंट हाही एक अज्ञात म्हणून मॅट्रिक्समध्ये बसतो. आदर्श ऑप-अ‍ॅम्प तिथे असाच बसतो: आउटपुटच्या करंटसाठी एक स्तंभ आणि "दोन्ही इनपुट समान" ही एक ओळ. त्या ओळीकडे जरा नीट बघा, कारण पुढची भानगड तिथूनच सुरू होते.

पाय उलटे, उत्तर बरोबर

"दोन्ही इनपुट समान" या अटीत अधिक कुठला आणि उणे कुठला हे कुठेही नाही. दोन्ही पायांची अदलाबदल करा, कागदावरचं उत्तर तसूभर बदलत नाही: उणे १ व्होल्ट. आणि सिम्युलेटरही तेच सांगतो.

हे पटत नसेल तर गेन अनंत न धरता १ लाख धरून हिशोब करा. बरोबर जोडणीत आउटपुट येतं उणे १ भागिले (१ + ११/१,००,०००), म्हणजे उणे ०.९९९८९ व्होल्ट. उलट जोडणीत त्याच सूत्रातलं अधिक चिन्ह उणे होतं: उणे १ भागिले (१ − ११/१,००,०००), म्हणजे उणे १.०००११ व्होल्ट. फरक चौथ्या दशांशात. आलेखावर डोळ्यांना दिसण्याचा प्रश्नच नाही. पण डीसी ऑपरेटिंग पॉइंटचा (सगळं स्थिर धरून काढलेल्या व्होल्टेजचा) आकडा पूर्ण वाचलात तर हीच खूण उपयोगी पडते. मर्यादित गेनच्या ऑप-अ‍ॅम्पचं उत्तर आदर्श उत्तरापेक्षा किंचित कमी भरायला हवं. किंचित जास्त भरलं तर आधी पाय तपासा.

ब्रेडबोर्डवर हेच उलटं सर्किट काय करतं? फीडबॅक आता नॉन-इन्व्हर्टिंग पायाला जातोय, म्हणजे तो श्मिट ट्रिगर (दोन टोकांपैकी एकाला चिकटून राहणारं सर्किट) झाला. ७४१ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या ऑप-अ‍ॅम्प चिपचं आउटपुट ±१५ च्या सप्लायवर साधारण १३ व्होल्टपर्यंत जातं असं धरू. आउटपुट अधिक १३ ला असेल तर त्या पायावर (०.१ × १० + १३) / ११, म्हणजे सुमारे १.२ ते १.३ व्होल्ट. हे धन आहे, त्यामुळे आउटपुट वरच राहतं. उणे १३ ला असेल तर त्याच पायावर सुमारे उणे १.१, म्हणून खालीच राहतं. उणे १ व्होल्ट हेही समीकरणाचं तिसरं उत्तर आहेच, पण ते टिकत नाही. मायक्रोव्होल्टभर नॉइज आला की आउटपुट दोनपैकी एका टोकाला पळतं. इनपुट सुमारे ±१.३ व्होल्टच्या पलीकडे नेल्याशिवाय ते तिथून हलत नाही.

म्हणजे एकाच सर्किटची तीन उत्तरं, आणि डीसी विश्लेषण त्यातलं एक उचलून देतं. गणिताला फक्त समतोल कळतो. तो टिकतो की नाही हे ठरवण्यासाठी काळ लागतो, आणि डीसी विश्लेषणात काळ नाही. सिम्युलेटर साधारणपणे शून्याच्या आसपासून अंदाज बांधायला सुरुवात करतो, त्यामुळे बहुतेक वेळा मधलं, न टिकणारं उत्तरच हाती येतं आणि "सिम्युलेशनमध्ये तर चालतंय" हे वाक्य जन्माला येतं.

"मग ट्रान्झियंट (काळानुसार बदल दाखवणारं विश्लेषण) चालवू" असं म्हणाल, पण त्यातही एक अट आहे. नुसता व्होल्टेज-नियंत्रित सोर्स ठेवला असेल तर त्यात कपॅसिटरच नाही, म्हणजे काळाचा संबंधच नाही. असं ट्रान्झियंट म्हणजे तेच डीसी उत्तर हजार वेळा. साइन द्या, चौरस लहर द्या, उलट जोडणीतही सुंदर उणे दहापट आउटपुट मिळेल. चूक उघडी पडायला मॉडेलमध्ये निदान एक पोल, म्हणजे कपॅसिटरसारखा वेळ लावणारा भाग, हवा.

एलटीस्पाइस या सिम्युलेटरमध्ये यासाठी 'ओपअ‍ॅम्प' नावाचं तीन पायांचं चिन्ह आहे. ते ठेवून रन केलं की "अज्ञात सबसर्किट" अशा अर्थाचा संदेश येतो आणि निम्मे लोक तिथेच सोडून देतात. उपाय एका ओळीचा आहे: स्पाइस डायरेक्टिव्ह म्हणून 'डॉट लिब', एक जागा सोडून 'ओपअ‍ॅम्प डॉट सब' (अर्थात रोमन लिपीत). आतलं मॉडेल अगदी साधं आहे: एक व्होल्टेज-नियंत्रित करंट सोर्स, १ ओमचा रेझिस्टर आणि गेन-बँडविड्थवरून (गेन घसरत १ वर येतो ती फ्रिक्वेन्सी) काढलेला कपॅसिटर. ओपन-लूप (फीडबॅकशिवायचा) गेन १ लाख आणि गेन-बँडविड्थ १० मेगाहर्ट्झ ठेवा.

आता इनपुटला ०.१ वरून ०.११ व्होल्टची छोटी पायरी द्या, एकूण वेळ ५ मायक्रोसेकंद आणि जास्तीत जास्त टाइमस्टेप १० नॅनोसेकंद. जोडणी बरोबर असेल तर आउटपुट उणे १ वरून उणे १.१ ला जाऊन बसेल, टाइम कॉन्स्टंट साधारण ०.१८ मायक्रोसेकंद. उलटी असेल तर आउटपुट खाली जाण्याऐवजी वर उसळेल आणि तीनेक मायक्रोसेकंदांत लाखो व्होल्टच्या घरात जाईल, कारण या मॉडेलला सप्लायची मर्यादा नाही. एवढा ढळढळीत पुरावा दुसरा मिळणार नाही. एक सावधगिरी: समीकरणं पायरीपायरीने सोडवण्यासाठी गिअर पद्धत निवडली असेल आणि टाइमस्टेप मोठी असेल तर असा पळणारा प्रतिसाद गणितातच दाबला जाऊ शकतो. ट्रॅपेझॉइडल पद्धत ठेवा.

एसी विश्लेषणातही (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींना सर्किट काय करतं ते बघताना) खूण सापडते, फक्त मॅग्निट्यूडकडे बघून नाही. बरोबर आणि उलट, दोन्ही जोडण्यांचा मॅग्निट्यूड आलेख जवळजवळ एकावर एक बसतो: २० डेसिबल, आणि ९०० किलोहर्ट्झच्या आसपास उतार. फेज बघा. बरोबर जोडणीत फेज १८० अंशांवरून ९० कडे उतरते, उलट जोडणीत १८० वरून २७० कडे चढते. गेन उतरतोय आणि फेज पुढे जातेय, हे एका पोलच्या स्थिर सर्किटला शोभत नाही.

यावरून एक सवय लावून घ्या. इनपुट समान धरण्याआधी फीडबॅकची वाट बोटाने गिरवा: आउटपुट थोडं वर गेलं असं समजा, त्याने इनपुटमधला फरक कमी होतो की वाढतो? कमी होत असेल तरच आभासी ग्राउंड. फीडबॅकच नसेल, म्हणजे कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारं सर्किट) असेल, तर दोन्ही इनपुट समान धरणं म्हणजे दोन स्वतंत्र सोर्सना जबरदस्तीने एकसारखं करणं.

इंटिग्रेटर उणे दहा हजारला

इनपुट रेझिस्टर १० किलोओम, फीडबॅकला रेझिस्टरऐवजी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, इनपुट ०.१ व्होल्ट डीसी. अपेक्षा: सेकंदाला उणे १०० व्होल्ट या उताराची सरळ रेघ, म्हणजे १० मिलिसेकंदांत १ व्होल्ट खाली. प्रत्यक्षात उणे १०,००० व्होल्टवर आडवी रेघ.

ट्रान्झियंट सुरू करण्याआधी सिम्युलेटर डीसी ऑपरेटिंग पॉइंट काढतो. डीसीला कपॅसिटर म्हणजे तुटलेली वाट, म्हणून फीडबॅक नाही. इन्व्हर्टिंग पायावर अख्खे ०.१ व्होल्ट, गुणिले १ लाख. आकडा अगदी चोख आहे. आणि रेघ आडवी, कारण सर्किट अनंत काळ चालून जिथे पोचलं असतं तिथूनच तुम्ही बघायला सुरुवात केली.

दोन उपाय आहेत. एक, आउटपुट नोडला 'डॉट आयसी' या सुरुवातीची किंमत ठरवणाऱ्या ओळीने शून्य सुरुवात द्या. अभ्यासाच्या गणिताशी उत्तर ताडून बघायचं असेल तर हाच बरा. दुसरा, कपॅसिटरला समांतर १ मेगाओम. मग डीसीला गेन उणे १०० इतका मर्यादित होतो आणि आउटपुट उणे १० व्होल्टपर्यंतच जातं. कोपरा (जिथून गेन उतरायला लागतो ती फ्रिक्वेन्सी) १.६ हर्ट्झला येतो, म्हणून २० हर्ट्झच्या वर निश्चिंतपणे इंटिग्रेटर समजा. ब्रेडबोर्डवर हा रेझिस्टर लागतोच. ७४१ चा ऑफसेट (दोन इनपुटमधला अंगभूत फरक) १ मिलिव्होल्ट धरला तरी या किमतींना आउटपुट सेकंदाला १ व्होल्टने सरकतं, आणि पाव मिनिटाच्या आत टोकाला.

याच सर्किटला १ किलोहर्ट्झ, १ व्होल्ट शिखराची साइन दिली की आणखी एक शंका येते: आउटपुट शून्याभोवती का नाही? शून्यापासून उणे ०.३२ व्होल्टपर्यंतच का झुलतं? साइनचं शून्य क्षणापासूनचं इंटिग्रल म्हणजे १ वजा कोसाइन, त्यात स्थिर भाग आलाच. हा बिघाड नव्हे. समांतर रेझिस्टर असेल तर तो भाग काही शे मिलिसेकंदांत विरून जातो.

मर्यादा कधी घालायच्या

सर्किटमध्ये डायोड, कंपॅरेटर किंवा श्मिट ट्रिगर असेल तर बिनमर्यादेचं मॉडेल वापरू नका. प्रिसिजन रेक्टिफायरमध्ये (फीडबॅकमध्ये डायोड घेऊन एकाच चिन्हाचा सिग्नल पुढे सोडणाऱ्या सर्किटमध्ये) डायोड बंद झाला की फीडबॅक तुटतो, आणि इनपुट उणे १ व्होल्ट असेल तर आदर्श आउटपुट उणे १ लाख व्होल्टला जाऊ बघतं. सिम्युलेशन अडखळतं किंवा वेडेवाकडे काटे दाखवतं. सप्लायचे पाय असलेलं मॉडेल घ्या. फॉलस्टॅडच्या ब्राउझरमधल्या सिम्युलेटरमध्ये ऑप-अ‍ॅम्पला मुळातच ±१५ व्होल्टची मर्यादा आणि १ लाख गेन असतो, त्यामुळे तिथे हा त्रास कमी.

"आदर्श म्हणजे अनंत" म्हणून गेन १ वर १२ शून्यं ठेवू नका. १ लाख ते १० लाख भरपूर झाला. स्पाइसची व्होल्टेजची ठरलेली सहनशीलता १ मायक्रोव्होल्ट असते, आणि नॉन-लिनियर सर्किटमध्ये तेवढी चूक इनपुटवर राहिली तर अफाट गेनने गुणून ती आउटपुटवर काय धिंगाणा घालेल याचा अंदाज करा.

खऱ्या चिपच्या बाबतीत तीन आकडे जवळ ठेवा. एलएम३५८ चं आउटपुट वरच्या सप्लायच्या सुमारे १.५ व्होल्ट आधीच थांबतं, म्हणजे ५ व्होल्टवर चालवलात तर साडेतीन. ७४१ चा शॉर्ट सर्किट करंट साधारण २५ मिलिअँपिअर, त्यामुळे १०० ओमच्या लोडवर अडीच व्होल्टच्या पुढे जाण्याची अपेक्षा नको. आणि ७४१ चा स्लू रेट (आउटपुट बदलण्याचा कमाल वेग) ०.५ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद, म्हणून १० व्होल्ट शिखराची साइन ८ किलोहर्ट्झच्या वर त्रिकोणी व्हायला लागते.

ब्रेडबोर्डवर शंका आली की आउटपुट मोजत बसण्यापेक्षा मल्टिमीटरच्या दोन्ही पिना ऑप-अ‍ॅम्पच्या दोन इनपुट पायांना लावा. काही मिलिव्होल्टच्या आत वाचन असेल तर ऑप-अ‍ॅम्प ताब्यात आहे आणि दोष रेझिस्टरच्या किमतीत किंवा पुढच्या लोडमध्ये शोधा. आपलं उदाहरणातलं सर्किट एकेरी सप्लायवर लावलंत तर आउटपुटला उणे १ ला जायचंय पण जागाच नाही, ते शून्याशी अडून बसतं. अशा वेळी इन्व्हर्टिंग पायावर ०.०९ व्होल्ट दिसतील, कारण १० आणि १०० किलोओम आता निव्वळ व्होल्टेज डिव्हायडर झालेत. वाचन ९० मिलिव्होल्ट आलं की चिप बदलू नका, उणे सप्लाय जोडा. किंवा नॉन-इन्व्हर्टिंग पाय ग्राउंडवरून उचलून सप्लायच्या मधल्या व्होल्टेजवर न्या, आणि इनपुटचा ग्राउंडही त्याच मधल्या नोडला बांधा. तो नोड नुसत्या दोन रेझिस्टरवर टांगू नका, दुसऱ्या ऑप-अ‍ॅम्पचा बफर लावून घट्ट करा.